चित्रविद्येची शाळा पाहतांना

गेल्या कांहीं महिन्यांत एकाच आशयाचीं तीन-चार पत्रें आमच्याकडे आलीं आहेत. मुलगा किंवा पुतण्या पदवीधर झालेला. नोकरीचें नांव न काढतां चित्रपट शिकावयाचा म्हणतो. जवळच्याच एका लहान महाविद्यालयानें चित्रपट व प्रसारमाध्यमें यांचा अभ्यासक्रम काढलेला. इमारत नवी, माहितीपत्रक गुळगुळीत, आणि शुल्काचा आंकडा पाहून घरांतील कर्त्या पुरुषाची छाती दडपलेली. एका पत्रांत मुलाच्या जागीं नात आहे, आणि तेथें अडचण शुल्काची नसून आजोबांची आहे. शेवटीं सर्वांनीं एकच विचारलें आहे: अशा ठिकाणीं मुलांस घालावें कीं घालूं नये?

आजोबांचा प्रश्न प्रथम उरकतों. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हां तारामतीच्या कामासाठीं त्यांस स्त्री मिळाली नाहीं. साळुंके नांवाच्या पुरुषानें लुगडें नेसून तें काम केलें. पुढें १९३२ सालीं 'प्रभात'नें तीच कथा 'अयोध्येचा राजा' या नांवानें बोलपटांत आणिली, आणि या खेपेस तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, मुंबईच्या एका सुशिक्षित घरच्या. एकाच भूमिकेच्या या दोन पात्रांमध्यें अवघीं एकोणीस वर्षें आहेत. जो वाद तेव्हांच निकालांत निघाला, तो आज पुन्हां उकरून काढण्यांत हंशील नाहीं. शिवाय या नातीस पडद्यावर यावयाचें नाहीं. तिचें मन संकलनाकडे आहे, म्हणजे घेतलेल्या चित्रांतून नेमकें कोणतें, किती वेळ आणि कोणामागून कोण ठेवावें हें ठरविण्याकडे. रेणु सलुजा पुण्याच्या संस्थेंत हेंच शिकल्या, आणि 'अर्धसत्य' व 'परिंदा' यांचें संकलन त्यांच्या हातचें आहे. आजोबांनीं 'अर्धसत्य' पाहिला असेल तर त्या बाईंचें काम त्यांनीं नकळत पाहिलेंच आहे.

आतां मुख्य प्रश्न. लहान महाविद्यालय चांगलें कीं वाईट, हें इमारतीवरून ठरत नाहीं. त्यासाठीं हाताशीं एखादें माप हवें, आणि तसें माप आपल्या घरापाशींच आहे. पुण्यास लॉ कॉलेज रस्त्यावर जी चित्रपट व दूरचित्रवाणीची सरकारी संस्था आहे, ती नांवानें मोठी, परंतु विद्यार्थिसंख्येनें लहानच आहे. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनिलेखन या प्रत्येक शाखेस एका वर्षीं साधारण दहा विद्यार्थी. गांवच्या संस्कृत पाठशाळेंतही कधींकाळीं एवढे असत. ही संस्था १९६० सालीं निघाली ती नव्या वास्तूंत नव्हे, तर बंद पडलेल्या 'प्रभात' फिल्म कंपनीच्या आवारांत. कोल्हापुरास १९२९ सालीं निघालेली 'प्रभात' १९३३ सालीं पुण्यास आली. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे चित्रपट याच जागेंत उभे राहिले. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकारामा'चा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला, तो याच भिंतींच्या आंत घडलेल्या कामाचा. पुढें १९७४ सालीं दिल्लीचा दूरचित्रवाणी विभाग येथें येऊन मिळाला आणि संस्थेस आजचें नांव लाभलें.

या जागेंत सर्वांत मोलाची वस्तु कोणती, असें विचारल्यास बहुतेक लोक कॅमेरा म्हणतील. कॅमेरा तर आज प्रत्येकाच्या खिशांत आहे. मोल आहे तें शांततेचें. बोलपट आल्यावर स्टुडिओचें सारें स्वरूपच पालटलें. कारण उघड्या जागेंत चित्र मिळतें, परंतु स्वच्छ शब्द मिळत नाहीं. कुत्रें भुंकलें, पंखा फिरला, रस्त्यावरून मोटर गेली, कीं नटाचें वाक्य वायां जातें. म्हणून जाड भिंती, भिंतींवर आवाज शोषून घेणारें आवरण, आणि कडेकोट दारें. असें एक मोठें, मुकें, अंधारें दालन विद्यार्थ्यास मिळणें हीच खरी सोय, आणि तें कोणासही खिशांत घालून नेतां येत नाहीं. रसूल पूकुट्टी हे याच संस्थेंत ध्वनिलेखन शिकले आणि २००९ सालीं 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठीं त्यांस ऑस्कर मिळालें, हें वाचकांस आठवत असेल. म्हणून माझी पहिली सूचना अशी: ज्या महाविद्यालयांत मुलास घालावयाचें, तेथील विद्यार्थ्यांनीं केलेले दोन लघुपट मागावेत आणि ते डोळे मिटून ऐकावेत. शब्द स्पष्ट येतो काय, खोली खोलीसारखी वाजते काय, एका चित्रावरून दुसऱ्यावर जातांना आवाज तुटतो काय? जेथें हें शिकविलें जात नाहीं, तेथें बाकीचेंही बेताचेंच शिकवीत असतात.

दुसरी सोय म्हणजे हातास काम. पुण्याच्या पद्धतींत चार शाखांचे विद्यार्थी एका कामास जुंपले जातात. एक दिग्दर्शन करतो, दुसरा छायालेखन, तिसरा ध्वनि घेतो, चौथा जोडतो. आरंभीं बिनसंवादाचा छोटा पाठ, मग संवादाचा, आणि अखेरीस पदविकेचा चित्रपट. 'वळू'चे दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा लघुपट विद्यार्थिदशेंतलाच. आपल्या गांवच्या महाविद्यालयांत इतकें साहित्य नसणार, हें मान्य. परंतु एका कॅमेऱ्यामागें किती विद्यार्थी, तो कपाटांत किती दिवस आणि बाहेर किती दिवस, किल्ली कोणापाशीं, हे प्रश्न विचारावयास लाजूं नये. शिक्षक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसास प्रयोगशाळेच्या कुलुपाचा गंज ओळखतां येतो. माहितीपत्रकांत छापलेलें यंत्र वेगळें आणि विद्यार्थ्याच्या हातीं पडणारें वेगळें.

तथापि साहित्य थोडें म्हणून विद्या होत नाहीं, असेंही नाहीं. जगांतील चित्रपटाची पहिली शाळा १९१९ सालीं मॉस्कोंत निघाली. यादवी युद्धाचे दिवस. कच्ची फिल्म मिळेना. तेव्हां कुलेशोव्ह नांवाच्या तरुण शिक्षकानें विद्यार्थ्यांकडून फिल्मवांचून 'चित्रपट' बसवून घेतले: कॅमेरा आहे असें समजून दृश्यें ठरवावयाचीं, हालचाल मोजावयाची, तुकडे पाडावयाचे. पुदोव्हकिन त्याच मंडळींतला. आपल्याकडे कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं तर कॅमेराच स्वतः बांधला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत दामले, फत्तेलाल, शांताराम हे काम करतां करतां शिकले; तेथें ना अभ्यासक्रम होता, ना प्रमाणपत्र. या दोन्ही ठिकाणीं साहित्याची वाण होती, गुरूची नव्हती. नेमकें हेंच आजच्या पुष्कळ नव्या महाविद्यालयांत उलट झालेलें दिसतें.

गुरु म्हणजे मोठें नांव नव्हे. ऋत्विक घटक १९६५ च्या सुमारास पुण्यास उपप्राचार्य होते, आणि तेही थोडाच काळ. मणि कौल, कुमार शहानी व जॉन अब्राहम यांनीं तेवढ्या काळाची शिदोरी जन्मभर पुरविली. प्रा. सतीश बहादुर यांनीं स्वतः चित्रपट काढून नांव मिळविलें नाहीं. त्यांनीं चित्रपट पाहावयास शिकविलें. 'पथेर पांचाली' ते तुकड्यातुकड्यानें उलगडून दाखवीत. आम्हीं पाठशाळेंत कालिदासाचा श्लोक असाच शिकलों: प्रथम पदच्छेद, मग अन्वय, मग समासविग्रह, आणि सरतेशेवटीं अर्थ. अर्थ आधीं सांगणारा शास्त्री आम्हांस आवडे, परंतु त्याच्यापाशीं कोणी संस्कृत शिकलें नाहीं.

अशा पाठास मूळ ग्रंथ हाताशीं लागतो. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर यांनीं देशोदेशींचे व आपले जुने चित्रपट जमविले, म्हणून त्या संस्थेचे विद्यार्थी भाग्यवान. २००३ च्या जानेवारींत संस्थेच्या आवारांत ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फितींना आग लागून मोठा ठेवा भस्मसात झाला, ही हानि भरून येणारी नव्हे. असा संग्रह लहान गांवीं कोठून येणार? परंतु एक अंधारी खोली, एक बरा पडदा, आणि आठवड्यास एक चित्रपट दोनदां दाखवून त्यावर बोलणारा शिक्षक, एवढें कोणत्याही महाविद्यालयास परवडतें. वेळापत्रकांत हा तास आहे काय, तें पाहावें.

पालकांनीं काळाचाही हिशेब करावा. पुण्याच्या संस्थेसही तीन वर्षांचें काम तीन वर्षांत न आटोपण्याचें दुखणें पुष्कळ काळ जडलें होतें. मागच्या तुकडीचे चित्रपट रेंगाळत आणि पुढची तुकडी दारांत येऊन उभी राही. २०१५ सालीं अध्यक्षांच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांनीं १३९ दिवस संप केला, तेव्हां हेंही चव्हाट्यावर आलें. २०२५ सालीं संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. परंतु या धंद्यांत पदवी पाहून काम देणारे थोडे, केलेला चित्रपट पाहून देणारे पुष्कळ. पायल कपाडिया यांचा विद्यार्थिदशेंतला लघुपट २०१७ सालीं कान महोत्सवाच्या विद्यार्थिविभागांत गेला, आणि २०२४ सालीं तेथेंच त्यांच्या चित्रपटास ग्रां प्री हें दुसऱ्या क्रमांकाचें पारितोषिक मिळालें. मधलीं सात वर्षें ध्यानांत घ्यावीं. मुलगा शिकून बाहेर पडला कीं पहिल्या तारखेस पगार आणील, या हिशेबानें कर्ज काढणाऱ्या गृहस्थानें तें काढूं नये. आणि ज्याच्या घरीं दोन-चार वर्षें मुलाच्या ताटाची चिंता नाहीं, त्यानें शिक्षक पारखून खुशाल पाठवावें.

राहतां राहिले आजोबा. पुण्याची संस्था आणि संग्रहालय मिळून चित्रपट-रसग्रहणाचा एक छोटा अभ्यासक्रम कित्येक वर्षें उन्हाळ्याच्या सुमारास भरवीत आलीं आहेत. त्यांत शिक्षक, पत्रकार, वकील असे नाना व्यवसायांचे लोक येऊन बसतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत चित्रपट पाहून त्यांवर वाद घालतात. नातीचा अर्ज भरतांना आजोबांनीं त्याचीही चौकशी करून ठेवावी.