पेरणीच्या पैशावर मांडव

मार्च 2017 मध्ये औरंगाबादला एक लग्न झालं. नवरदेव भोकरदनचे आमदार, त्यांचे वडील रावसाहेब दानवे जालन्याचे खासदार आणि भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष. विधिमंडळात त्याच महिन्यात शेतकरी कर्जमाफीवरून रणकंदन चाललं होतं, त्यामुळे त्या लग्नाचा थाट वर्तमानपत्रांत चांगलाच गाजला. त्याआधी 2013 च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळत होत्या, आणि तेव्हाच चिपळूणला भास्कर जाधवांच्या घरच्या लग्नातला भपका बघून शरद पवारांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. अशा प्रत्येक लग्नानंतर शहाण्यासुरत्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : पुढारी उधळतात, त्यांचं बघून शेतकरी उधळतो आणि कर्जात बुडतो.

वाक्य टाळीचं आहे, पण अर्धंच खरं.

या वाक्याची उलटतपासणी दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. इंग्रज सरकारने चौकशीला आयोग नेमला. कुणब्यांची बाजू घेण्याचं त्या आयोगाला काही कारण नव्हतं. तरीही त्याने नोंदवलं, की कर्जबाजारीपणाचं खापर लग्नखर्चावर वाजवीपेक्षा जास्त फोडलं जातं. ऐपतीच्या मानाने तो खर्च मोठा असतो खरा, पण प्रसंग क्वचित येतो आणि कर्जाचं मूळ तिथे सहसा सापडत नाही. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण निदान त्याला लागू पडायला हरकत नाही. पाऊस दगा देतो आणि भाव पडतो, तेव्हा लग्न न काढलेलं घरही बुडतंच.

मग लग्नाचा दोष काहीच नाही? आहे, आणि तो रकमेइतकाच वेळेचा आहे. सोयाबीन-कापसाचा पैसा घरात येतो दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. लग्नं निघतात चैत्र-वैशाखात. आणि मृग लागला की बियाणं, खत, शाळेची फी, वह्या-पुस्तकं एकदम दारात उभी राहतात. मे महिन्यात थैली झटकून मांडव उठवलेलं घर जूनमध्ये कृषी सेवा केंद्रात उधारीवर उभं असतं, किराणा दुकानात वहीवर जगतं आणि पेरणीसाठी ‘शेकड्याने’ पैसे उचलतं.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के. दोन लाखांवर महिन्याला सहा हजार, वर्षाला 72,000, आणि मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली ठरलेला दर शेतकऱ्यासाठी तारणावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के आहे. व्यवहारातला दर 36 टक्क्यांवर जातो. दुसरीकडे, वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्यात व्याज पडत नाही. तेच पीककर्ज बस्त्यात गेलं, की ‘नवं-जुनं’ करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायलाही हातात रक्कम उरत नाही. खातं थकतं, बँकेचं दार बंद होतं आणि सावकाराचं उघडतं. घर बुडतं ते इथे.

सोन्याचा हिशेब तर आणखी बोचरा. 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला. त्या वर्षीचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे एका तोळ्याला जवळजवळ 19 क्विंटल सोयाबीन, दोन-अडीच एकरांचं सगळं पीक. तेही हमीभाव हातात पडला तर.

यावर गावातलं ठरलेलं उत्तर असतं, की आहेरातून निघतंय की. मांडवाच्या दाराशी वही घेऊन बसलेला माणूस बघावा. नाव, गाव, 501. नाव, गाव, 1,100. लग्नानंतर ती वही लोखंडी पेटीत जपून ठेवली जाते, कारण पुढच्या वर्षी समोरच्याच्या घरी कार्य निघालं की तीच उघडून बघायची असते. जी रक्कम वाढवून परत करायची आहे, तिला मिळकत म्हणत नाहीत. ती हातउसनी आहे. टॉवेल-टोपी आणि स्टीलच्या पातेल्यांवर आचाऱ्याचं बिल भागत नाही, हे वेगळं.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : मुलीच्या बापाला ठरवू देतंय कोण? हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण बैठकीत ‘आमची काही अपेक्षा नाही’ म्हणणाऱ्यांची यादी निघतेच. लातूर जिल्ह्यातल्या भिसे वाघोलीत 2017 मध्ये आपल्या लग्नाचा खर्च बापाला झेपणार नाही म्हणून एका मुलीने जीव दिला. त्या बापाला काटकसरीचे धडे देणं हा निर्दयपणा आहे. धडा मुलाकडच्यांना द्यायचा.

आता मांडायचं ते. हिशेबाचा क्रम उलटा करावा. बियाणं-खत, शाळेची फी, दिवाळीपर्यंतचा किराणा आणि दवाखान्याची रक्कम आधी बाजूला. उरेल त्यात लग्न. जिथे पैसा दरमहा हातात येतो, मग तो जालन्याच्या स्टील कारखान्यातला पगार असो, दुधाचा असो की 2018 पासून जालन्यातच भरणाऱ्या रेशीम कोषांच्या बाजारातला, तिथे महिन्याला दोन हजार आवर्ती ठेवीत टाकले तर पाच वर्षांत 1,20,000 मुद्दल होते. कोरडवाहू घराने मुहूर्तच सरकवावा. तुळशीचं लग्न लागलं की कार्यं सुरू होतात आणि तेव्हा कापूसही विकला जात असतो. वैशाखाचाच हट्ट का?

स्वस्त लग्नाला हलकं समजणाऱ्यांनी सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न आठवावं. 25 डिसेंबर 1873 ला ते भटजीविना, थोडक्या खर्चात लागलं आणि इतिहासात गेलं. आजही 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होतं. वर गावजेवण घालायचं तर वरण-पोळीची पंगत पुरे.

येत्या हंगामात जालना जिल्ह्यात जिथे जिथे सुपारी फुटेल, तिथे मुलाच्या बापाने आधी तोंड उघडावं. खर्च निम्मा-निम्मा, सोनं मागणार नाही, तारीख मुलीकडचा माल विकला गेल्यावरची. हे चार पंचांसमोर कागदावर लिहून घ्यावं आणि मगच बस्त्याला निघावं.