रतलभर लोण्याचा हिशेब

लोणी, साखर, मैदा आणि अंडी समान वजनाने घेऊन केलेला केक अठराव्या शतकातल्या इंग्लंडात रुळला, तेव्हा तो फुगवणारे कोणतेही रसायन बाजारात नव्हते. हॅना ग्लास यांनी १७४७ साली छापलेल्या पाकपुस्तकात पौंडभर, म्हणजे आपल्या जुन्या रतलाएवढे, लोणी मातीच्या भांड्यात हाताने एकाच दिशेला फेसायला सांगितले आहे आणि सगळे मिश्रण मग तासभर घोटायला. साखरेचे कण लोण्यात घासले जाताना जी हवा कोंडली जाते, तिच्याच बळावर हा केक भट्टीत फुलतो. श्रमांना आणि दुधाला त्यात पळवाट नव्हती.

पळवाट शंभर वर्षांनी निघाली. आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली ती यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी. १८६९ मध्ये तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याचा स्वस्त पर्याय हवा होता, त्यातून मार्गारीन जन्मले. दोन्ही गरजा खऱ्या होत्या. परंतु टंचाईत दाराशी आलेला पर्याय सुगीतही माजघरात ठाण मांडून बसतो आणि अस्सल वस्तू पिकवणाऱ्यालाच आपली बाजू मांडत फिरावे लागते, हे अमेरिकेतल्या गवळ्यांना इतक्या लवकर उमगले, की त्यांच्या रेट्यापुढे तिथल्या संसदेने १८८६ मध्ये मार्गारीनवर पौंडामागे दोन सेंट कर बसवला.

आपल्याकडे हा केक साहेबाच्या टेबलावर आला, पण टिकला इथल्या दुधामुळे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये बस्तान बसवलेल्या नगर जिल्ह्यात नाताळच्या फराळात करंज्या-चकल्यांशेजारी सुक्या मेव्याच्या केकला जागा मिळाली; मुंबईत १९१४ मध्ये ग्रँट रोड स्थानकाजवळ सुरू झालेल्या बी. मेरवानसारख्या इराण्यांनी खवा आणि वेलची घालून त्याला इथल्या जिभेचा केला. पुढे ज्यांच्या घरी नाताळ नव्हता त्यांनीही शिट्टी काढलेल्या कुकरच्या तळाशी वाळू पसरून तो भाजला. काजू-बेदाणे आधी चमचाभर मैद्यात घोळवायचे, म्हणजे ते तळाशी जात नाहीत. वरून जायफळ किसायचे. सुरीचे पाते मधोमध खुपसून कोरडे निघाले की आच बंद. ही शिकवण तोंडी चालत आली आणि तिच्यात लोण्याला पर्याय सांगितलेला नव्हता.

पर्याय १९३७ मध्ये डालड्याच्या डब्यातून आला. वनस्पती तुपाला ओळखू येईल असा रंग द्यावा, ही मागणी पुढे अनेक वर्षे होत राहिली, पण टिकेल असा रंग मिळत नाही या सबबीवर ती विरून गेली. अमेरिकेचा धडा आपण चाळलाही नाही.

राजूरला हा सगळा इतिहास आपला म्हणण्याचा अधिकार आहे. अकोले तालुक्यातले हे गाव पेढ्यांसाठी नावाजलेले आहे, म्हणजे खवा आटवणारा हात इथे पिढीजात आहे. जवळचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर खालच्या प्रवरेकाठी ऊस उभा राहून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना निघाला. केकची साखरही इथल्याच पाण्याची आणि दूधही इथलेच. असे असताना याच तालुक्यातल्या कोतुळला २०२४ च्या जुलैमध्ये दूध उत्पादकांना लिटरला ४० रुपये मागत धरणे धरावे लागले, सरकारचे पाच रुपयांचे अनुदान त्यांना पुरेसे वाटले नाही, आणि त्याच काळात गावोगावच्या केकशॉपमध्ये वाढदिवसाच्या केकवर थापले जाणारे पांढरेशुभ्र क्रीम बहुधा पामच्या बियांच्या तेलाचे होते. दुधाची टंचाई नव्हती. पर्याय मात्र होता तिथेच होता.

गाईच्या दुधात साडेतीन टक्के स्निग्धांश धरला, तर रतलभर लोण्याला सुमारे दहा लिटर दूध लागते. तेलाच्या क्रीमला थेंबभरही लागत नाही. केकच्या काचेवर किंमत लिहितात, तशीच आत लोणी आहे की तेल हे ठळक मराठीत लिहिण्याची सक्ती राज्याने करावी. राजूरच्या पेढेवाल्यांनी तर त्याची वाट पाहायचेही कारण नाही. कढई चढलेलीच आहे, खवा हाताशी आहे, नाताळच्या आत एक भट्टी सहज पेटेल.