बाळाच्या पायाचा चिमटा आणि लाटेवरची फळी

मैत्रिणींनो, या खेपेच्या टपालात वेळणेश्वरहून एका काकूंचे पत्र आले. ते वाचून झाल्यावर बराच वेळ हातात तसेच राहिले. पत्रातला मुख्य भाग आधी देते.

‘ताई, सप्रेम नमस्कार. वि. वि. पुढच्या महिन्यात आमच्या सूनबाईचे दुसरे बाळंतपण आहे. चिपळूणला नाव घातले आहे. ती म्हणते, बाळ झाले की दवाखान्यातच त्याच्या पायाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून घ्यायचा. घरातली मंडळी म्हणतात, एवढ्याशा जिवाला यंत्रे कशाला? मी मधल्या मधे गप्प आहे. त्याचे कारण कोणाला बोलले नाही. १९८८ साली माझी पहिली मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत. तिसऱ्या दिवशी घरी आणली. चौथ्या दिवशी दूध घेईना, कपाळाला घाम, मग काळीनिळी पडली. गाडी मिळेपर्यंत सगळे संपले. दृष्ट लागली म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, तुला दूध पाजता आले नाही. मला खरे सांगा, माझे काही चुकले होते का? आणि सुनेला काय सांगू? दुसरे म्हणजे, मोठा नातू बारा वर्षांचा आहे. मुंबईची मुले फळ्या घेऊन समुद्रावर आली होती, ती पाहून यालाही लाटेवर उभे राहायचे आहे. पाठवू का?’

काकू, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. नाही, तुमचे काहीही चुकले नव्हते. तुमच्या लेकीला नेमके काय झाले हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण हृदयात मोठा दोष असलेली काही बाळे अगदी अशीच वागतात. जन्मतः गुटगुटीत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाएकी कोमेजतात. याचे कारण समजून घ्या, म्हणजे मनावरचा दगड थोडा हलेल.

पोटात असताना बाळाची फुप्फुसे काम करत नाहीत. प्राणवायू नाळेतून येतो. म्हणून रक्ताने फुप्फुसे टाळून पुढे जावे यासाठी हृदयाजवळ निसर्गाने एक आडवाट ठेवलेली असते. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत ती आपोआप मिटते. निरोगी बाळाला तिची गरजच उरत नाही. पण ज्याच्या हृदयाची मुख्य वाटच अडलेली आहे, त्याचे सारे त्या आडवाटेवर चाललेले असते. ती मिटली की बाळ कोसळते. तोवर ते घरी आलेले असते, बारशाची बोलणी चाललेली असतात. यात ना दृष्ट, ना आईच्या दुधाचा दोष.

हजार बाळांत आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यांतल्या साधारण चारांत एकाचा दोष असा गंभीर असतो की लवकर उपचार हवेतच. आता मुद्दा असा की, रक्तातला प्राणवायू कमी झाला तरी बाळ लगेच निळे दिसत नाही. तो शेकडा ऐंशीच्या घरात घसरला तरी अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतूनही निसटू शकतो. आपल्या सावळ्या बाळांत तर अधिकच. जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजावेच लागते.

मोजायचे साधन तुम्हां सर्वांच्या ओळखीचे आहे. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा चिमटा आला होता ना, तेच तत्त्व. जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने ते १९७४ साली मांडले. एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा, असे दोन प्रकाश कातडीतून जातात, आणि रक्ताने त्यांतला किती शोषला यावरून आकडा कळतो. सुई नाही, रक्त काढणे नाही. बाळ आईच्या कुशीत झोपलेले असतानाही होते. बाळासाठी मऊ पट्टीसारखा वेगळा चिमटा असतो. म्हणून घरातला मोठ्या माणसाचा चिमटा लावून परीक्षा घेत बसू नका.

तपासणी जन्मानंतर चोवीस तासांनी, घरी सोडण्याआधी करायची. एकदा उजव्या हाताला, एकदा कोणत्याही एका पायाला. उजव्या हाताचे रक्त त्या आडवाटेच्या आधी फुटते आणि पायाचे नंतर, म्हणून दोन्हीकडे पाहायचे. दोन्ही आकडे ९५ किंवा वर आणि त्यांत फरक ३ पर्यंत असला, तर उत्तम. कुठेही ९० च्या खाली गेला, तर लगेच बालरोगतज्ज्ञ. मधल्यामध्ये असला, तर तासाभराने पुन्हा. पाय गार असेल किंवा बाळ रडत असेल तर आकडा चुकतो. तेव्हा पाय उबदार करून, शांत झाल्यावर मोजायला सांगावे.

जगभरच्या चार लाखांहून अधिक बाळांचे अभ्यास एकत्र करून २०१८ साली पाहिले गेले. तेव्हा असे दिसले की गंभीर दोष असलेल्या चार बाळांपैकी साधारण तीन या साध्या तपासणीत सापडतात. उगीच धोक्याची घंटा वाजते ती हजारात एक-दोघांना. अमेरिकेने २०११ मध्ये ही तपासणी सर्व नवजात बाळांसाठी सुचवली. आकडा कमी आला म्हणजे हृदयच बिघडले असेही नाही. कधी छातीतला जंतुसंसर्ग असतो, आणि तोही वेळेवर सापडलेला बराच. हृदयाचा दोष निघालाच, तर आडवाट उघडी ठेवणारे औषध आहे. ते चालू ठेवून बाळाला मोठ्या रुग्णालयात नेता येते आणि शस्त्रक्रिया होते.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या व्याधी तो शोधतो, त्यांत जन्मजात हृदयविकार आहे, आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पण चिमट्याची तपासणी प्रत्येक दवाखान्यात आपणहून होतेच असे नाही. म्हणून विचारायचे आपण. काकू, ते तुम्हीच विचारा. आणि १९८८ ची हकीकत सूनबाईला आणि डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. घराण्यात असे घडलेले असले तर डॉक्टरांना ते कळायला हवे. मनात दडपून ठेवण्यासारखे त्यात काही नाही.

चारांतले एक बाळ चिमट्यातूनही सुटते, हे विसरू नका. म्हणून घरी आल्यावर पुढील खुणा पाहाव्या:

* दूध ओढता ओढता थकते, सोडून देते, कपाळावर घाम येतो.
* स्वस्थ झोपलेले असतानाही मिनिटाला साठाहून अधिक श्वास घेते.
* जीभ किंवा ओठ निळसर दिसतात. (नुसते तळवे निळसर असणे पहिल्या दिवसांत चालते.)
* अंग फिकट, गार पडते, बाळ मरगळते.

यांतले काहीही दिसले तर मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नये. १०८ ला फोन करावा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना चहा द्या, पण बाळही उघडे करून दाखवा. वेळणेश्वरहून चिपळूणचा रस्ता जवळचा नाही. दुखणे रात्री वाढण्याआधी निघालेले बरे.

आता नातवाची फळी. सर्फिंग म्हणजे लाटेवर उभे राहणे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अभ्यासकांनी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या वेळेपैकी जवळजवळ निम्मा वेळ फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारण्यात जातो. बराच वेळ लाटेची वाट पाहण्यात, आणि लाटेवर उभे राहणे शेकडा दहाहूनही कमी. म्हणजे हा खेळ पायांचा कमी, खांदे-पाठ आणि दमाचा जास्त. मान वर धरून पालथे पडल्याने मान व कंबर भरून येते. तेव्हा मुलाला आधी न थांबता पोहता आले पाहिजे, फळीची दोरी घोट्याला बांधलेली असावी आणि शिकवणारा जाणता माणूस पाण्यात शेजारी हवा. ओढ बाहेर नेऊ लागली तर किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर सरकून मग आत यावे. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत तर पाण्याचे नावच नको. जे दर्यावर्दींना नको, ते पोराला कशाला?

एक गोष्ट मात्र त्याला बजावून सांगा. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज लावायची नाही. भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारली की श्वासाची आठवण करून देणारा वायू रक्तातून कमी होतो. प्राणवायू संपत आला तरी छातीला कळत नाही, आणि मूल शुद्ध हरपून तळाला जाते. चांगले पोहणारेही असे गेले आहेत.

पाहा, बाळ काय आणि बारा वर्षांचा मुलगा काय, प्राणवायू कमी होतो तेव्हा तो ओरडून सांगत नाही. एकासाठी दवाखान्यातला चिमटा आहे, दुसऱ्यासाठी घरातल्यांचा धाक.

काकू, सूनबाईला सांगा, तू म्हणतेस तेच बरोबर. बारशाला त्या बाळाला मांडीवर घ्याल, तेव्हा तुमच्या पहिल्या लेकीचीही मनात आठवण काढा. आणि बाळाचे आकडे काय आले, ते मला जरूर कळवा.