सबसिडी गेली, कराचं काय?

हजचा विषय निघाला की आजही कुणीतरी म्हणतंच, "तुमचं काय बुवा, सरकार पैसे देतं." ती सबसिडी जानेवारी 2018 मध्येच बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितलं होतं. मला तिचं दुःख नाही. हज फर्ज आहे तो ऐपत असलेल्यावर, आणि विमान कंपनीला मिळणाऱ्या पैशांचे टोमणे हाजीने का ऐकावेत? पण या वादात आपण एक गोष्ट विसरलो. सरकार देतं काय यावर भांडलो, घेतं काय हे विचारलंच नाही.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांच्या चार्टर विमानाच्या भाड्यावर आधी 18 टक्के जीएसटी होता. जीएसटी परिषदेने डिसेंबर 2018 मध्ये तो 5 टक्क्यांवर आणला. कैलास-मानसरोवरसारख्या, सरकारी करारातून होणाऱ्या यात्रांनाही तोच नियम. सुधारणा चांगली होती. पण 5 टक्के कशाचे?

2023 च्या हजला औरंगाबादहून जाणाऱ्याला मुंबईपेक्षा माणशी सुमारे 88 हजार रुपये जास्त भरावे लागले. मियाँ-बीवी दोघं असतील तर पावणेदोन लाख. जालना, अंबड, भोकरदनच्या म्हाताऱ्या माणसांनी जवळ म्हणून चिकलठाणा निवडलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

टक्केवारीचा कर हा फरक आणखी वाढवतो. भाडं एक लाख असेल तर कर पाच हजार, दीड लाख असेल तर साडेसात हजार. जिद्दा तेच, खुर्ची तीच. लहान विमानतळाचं महाग भाडं हा आधीच एक दंड, त्यावरचा कर म्हणजे दंडावर दंड.

यावर उपाय कायद्यातच आहे. ईशान्येकडच्या राज्यांतून आणि बागडोगऱ्याहून इकॉनॉमी वर्गाने प्रवास केला तर जीएसटी शून्य. तिथे प्रवाशाचा धर्म पाहिलेला नाही, प्रदेशाची अडचण पाहिली आहे. मग मराठवाड्याची अडचण का पाहू नये?

म्हणून माझं म्हणणं असं, की हजसाठी वेगळी सवलत मागूच नये. मागास भागातल्या विमानतळांवरचं इकॉनॉमी तिकीट सगळ्यांसाठीच करमुक्त करा, अशी मागणी करावी. त्यात हाजी येईल, जालन्याचा बियाणेवाला आणि स्टीलवाला येईल, मुंबईला उपचाराला निघालेला पेशंटही येईल. महसुलाचं म्हणाल तर बिझनेस क्लासवर सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहेच.

करमाफीने 88 हजारांची दरी बुजणार नाही, हे मान्य. त्यासाठी भाड्याच्या निविदांवरच बोलावं लागेल. पण कर हा भाग पूर्णपणे सरकारच्या हातात आहे. खासगी टूरवाल्यांची हज-उमरा करमाफीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये फेटाळली. तेव्हा कोर्टापेक्षा जीएसटी परिषदेचा रस्ता धरावा. तिथे महाराष्ट्राचाही प्रतिनिधी बसतो.

हाजींना निरोप द्यायला पुढारी हार घेऊन येतात, फोटो काढतात. पुढच्या वेळी हार गळ्यात पडला की त्यांच्या हातात हे निवेदन ठेवा. दुआ तर हाजी मागणारच आहेत, हिशेब मागरे राहिलेल्यांनी मागावा.