२६ जानेवारीचे रक्त मे महिन्यात का मिळत नाही?

उन्हाळा आला की राज्यात रक्ताचा तुटवडा जाणवतो. महाविद्यालयांना सुट्टी लागते, शिबिरे कमी होतात. नेवासा तालुक्यातील गावांत प्रजासत्ताक दिनाला रांग लावून रक्तदान केले, तरी मे महिन्यात नातेवाइकांची धावपळ होऊ शकते. कारण रक्ताला मुदत असते. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. २६ जानेवारीचे रक्त फार तर ९ मार्चपर्यंत वापरता येते.

पुरुषांना ९० दिवसांनी, महिलांना १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते. म्हणजे त्या दिवशीचे दाते एप्रिल आणि मेअखेर, ऐन टंचाईत, पुन्हा पात्र ठरतात.

तुम्ही पात्र आहात का?

• वय १८ ते ६५. पहिल्यांदाच देत असाल तर ६० पर्यंत.
• वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५.
• मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात असेल तर चालते; इन्सुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये.
• टॅटू काढल्यास १२ महिने थांबा.

उन्हात काम करून थेट जाऊ नका. जेवून, भरपूर पाणी पिऊन जा. शिबिर नसेल तर जवळच्या रक्तपेढीत जा. आणि मंडळात असाल, तर यंदाचे एक शिबिर मे महिन्यात घ्या.