मान ताठ हवी, आखडलेली नको

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहातील अकरावीचा एक विद्यार्थी चार दिवस मान एका बाजूला धरून वर्गात बसत होता. फळ्याकडे पाहायचे तर तो खांद्यांसकट वळे. विचारले की, उशीने मान अवघडली, एवढेच सांगे. पाचव्या दिवशी सायंवंदनेच्या वेळी त्याला पंचांग प्रणाम करता येईना, तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राने खरे काय ते सांगितले. व्यायामशाळेत पैज लागली होती. लोखंडी बार मानेवर घेऊन कोण अधिक बैठका मारतो, याची पैज. दुसऱ्याच बैठकीला याच्या मानेत कळ उठली, तरी त्याने आठ पूर्ण केल्या. आम्हाला अधिक लागले ते निराळेच. त्याने दुखणे लपविले. आणि का लपविलेस असे विचारता, "सर, सगळे हसतील," असे म्हणाला.

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे आणि गुणवंतांच्या यशाचे लेख असतात, आणि ते असावेतही. आम्हाला मिळालेली ही दोन पाने मात्र आम्ही त्या आखडलेल्या मानेसाठी खर्च करणार आहोत. मराठीत 'मान' या एकाच शब्दाने अवयव आणि प्रतिष्ठा दोन्ही सांगितली जातात, आणि आपल्या समाजाला हे दोन अर्थ कधी वेगळे करता आले नाहीत. सरपण, वैरण आणि ओढून न्यावे लागणारे मेलेले ढोर यांच्याखाली ज्यांच्या माना वाकल्या, त्यांनीच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरहून परतताना ती वर केली. ओझे मात्र लगेच उतरले नाही. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरच्या ओझ्यातून आला आहे. त्या कामगारांसाठी महाराष्ट्राला १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. मोंढ्यात शंभर किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्या माणसाला मानदुखीविषयी कोणी विचारले नाही, आणि त्यानेही कोणाला सांगितले नाही. आमच्या विद्यार्थ्याचे ते लपविणे कदाचित त्याच घरातून आलेले असावे.

म्हणूनच वजन उचलण्याचा व्यायाम आम्हाला प्रिय आहे. कित्येक गावांत मारुतीच्या पारापाशी ताकद अजमाविण्याचा दगडी गोटा पडलेला असे. तो उचलण्याची मुभा आपल्या आजोबांना सहसा नव्हती. त्यांचा नातू आज स्वखुशीने, कोणी मजुरी देत नसताना, आरशासमोर उभा राहून लोखंड उचलतो, हे पाहून बरे वाटते. त्या घटनेनंतर काही पालकांनी वसतिगृहाची व्यायामशाळा बंद करण्याची सूचना केली. वजनाने मुलांची उंची खुंटते, असेही एकाने बजावले. दोन्ही गोष्टी आम्हाला मान्य नाहीत. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, वयाला साजेशा वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. चूक लोखंडाची नव्हती. पैजेची होती, आणि त्या वेळी तिथे कोणी मोठे माणूस हजर नव्हते, याची, म्हणजे आमची.

दुखापत कशी होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. मानेत सात मणके आहेत. डोके पुढे झुकविले की मानेच्या तळाशी जे उंचवट्याचे हाड हाताला लागते तो साधारणपणे सातवा. बैठका मारताना बार या हाडावर टेकला तर सगळा भार मणक्यावर येतो; तो त्याखाली, मानेपासून खांद्यांपर्यंत पसरलेल्या जाड स्नायूवर टेकला पाहिजे. जमिनीवरून बार उचलताना छताकडे पाहण्याची सवय अनेकांना असते, त्यानेही मान मागे मुडपते. नजर समोर काही हातांवर जमिनीकडे असावी. डोक्यावर वजन नेताना हनुवटी पुढे काढणे, पोटाच्या व्यायामात हातांनी डोके ओढणे, मानेमागे बार उतरविणे, या साऱ्यांची किंमत मानच मोजते. वजन झेपेनासे झाले की शरीर खांदे कानांपर्यंत उचलून मदत मागते. ती खूण ओळखून बार खाली ठेवावा.

आमचे माजी विद्यार्थी यात अधिक सापडतात असे आम्हाला वाटते. चिकलठाणा एमआयडीसीतील पाळी संपवून, आठ तास यंत्रावर मान घालून, वाटेत मोबाइलमध्ये ती आणखी वाकवून ते रात्री जालना रोडवरच्या एखाद्या जिममध्ये शिरतात आणि पहिल्याच सेटला कालचे वजन लावतात. थकलेल्या मानेला पाच मिनिटे गरम होऊ द्यावे, हे त्यांना सांगणारे तिथे कोणी असेलच असे नाही.

आणि दुखापत झालीच तर? बहुतेक वेळा स्नायू किंवा त्याचा बंध ताणलेला असतो, आणि तो काही दिवसांत ते काही आठवड्यांत बरा होतो. ज्या व्यायामाने दुखले तो थांबवावा. परंतु अंथरूण धरू नये. मान दुखत नाही तेवढ्या मर्यादेत दिवसातून अनेकदा हळू फिरवावी. शेक ज्याला मानवतो त्याने शेक घ्यावा, बर्फ मानवतो त्याने बर्फ. पालथे झोपू नये, उशी एकच आणि बेताची असावी. गळपट्टा मनानेच विकत आणून आठवडेच्या आठवडे बांधणे वाईट. त्याने स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण गोळीने कळ दबते आणि मूर्ख माणूस त्याच संध्याकाळी पुन्हा बार उचलतो. दुखणे ओसरल्यावर हनुवटी आत ओढून काही क्षण धरणे, कपाळावर तळहात ठेवून डोक्याने हलका दाब देणे, असे बिनवजनी व्यायाम. त्यानंतर व्यायामशाळा, तीही आधीच्या निम्म्याहून कमी वजनाने.

एका गोष्टीबद्दल आम्ही कठोर आहोत. केशकर्तनालयात डोके धरून कडकन मान मोडून घेण्याची आपल्याकडे हौस आहे, आणि आखडलेल्या मानेवर हाच उपाय पुष्कळांना सुचतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिणी मानेच्या मणक्यांतून वर जातात. अचानक दिलेल्या हिसक्याने त्यांचे अस्तर फाटू शकते, आणि क्वचित का होईना, धडधाकट तरुणाला पक्षाघात होतो. तो कडकन होणारा आवाज म्हणजे उपचार नव्हे.

हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील, पकड सैल पडत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, किंवा पडल्यानंतर मान दुखू लागली असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी घाटी रुग्णालय अथवा जवळचे कोणतेही रुग्णालय गाठावे.

सोण कोळिविसाची कथा आपल्या बालवर्गातही सांगितली जाते. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. फार ताणलेली किंवा फार सैल तार वाजत नाही, हे त्याच्याच तोंडून वदविले. येथवर सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. विनयात म्हटले आहे की भगवंतांनी सोणाला पादत्राण वापरण्याची परवानगी दिली, आणि तो म्हणाला, केवळ माझ्यासाठी नको, संघासाठी असेल तरच वापरीन. मग ती अनुज्ञा साऱ्या भिक्खूंना मिळाली. एकाच्या जखमेवरून नियम सर्वांसाठी बदलला. आम्हाला या कथेतला हा भाग वीणेइतकाच मोलाचा वाटतो, कारण जखमी मुलाला 'सांभाळून कर' एवढे सांगून संस्थेची सुटका होत नसते.

खेळाडूंची उदाहरणे मुले आमच्या तोंडावर फेकतात. सांगलीचा संकेत सरगर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कोपर दुखावल्यावरही पुन्हा बारकडे गेला, असे ते अभिमानाने सांगतात. खरे आहे; २४८ किलो उचलून त्याचे सुवर्ण एका किलोने हुकले. पण तो देशासाठी, शेवटच्या प्रयत्नाला, वर्षानुवर्षांच्या शिक्षणानंतर गेला होता. आमच्या मुलापुढे पदक नव्हते, पैजेचे दोन वडापाव होते. मीराबाई चानूचे उदाहरण त्यांनी घ्यावे. कंबरेच्या दुखण्यामुळे २०१८ ची आशियाई स्पर्धा तिने सोडली, आणि टोकियोत २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविले.

आमच्या व्यायामशाळेत आता पहिले दोन महिने बारऐवजी लाकडी काठी हाती मिळते. देखरेखीला कोणी नसेल त्या दिवशी खोलीला कुलूप असते. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या आणि याच शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, ही आमची मागणी आहे. देणगीपेक्षा तिची निकड अधिक आहे. दाराशी एक वही टांगली आहे. ज्याचे काही दुखत असेल त्याने तिच्यात नाव आणि अवयव लिहावा, त्याला त्या दिवशी कोणी वजन देणार नाही आणि कोणी कारण विचारणार नाही. पहिले नाव त्या अकरावीच्या विद्यार्थ्यानेच लिहिले. पुढच्या आठवड्याभरात पान भरले. खांदा, गुडघा, मनगट, पुन्हा मान. आम्ही एकेकाला बोलावून विचारले, तेव्हा बहुतेकांची दुखणी महिन्याहून जुनी निघाली.