लायकीचा निवाडा

निवडणूक आली की प्रत्येक पक्षाच्या कचेरीत एकच प्रश्न विचारला जातो : हा उमेदवार निवडून येईल काय? निवडून आल्यावर तो अधिकारपद पेलण्यास लायक ठरेल काय, हा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सेलूचा कापूस पिकविणारा शेतकरी बियाणे घेताना जेवढी चौकशी करतो, तेवढीही चौकशी राज्याचा कारभार ज्यांच्या हाती जावयाचा त्यांच्याविषयी होत नसेल, तर दोष केवळ मतदारांचा नव्हे.

हा दुसरा प्रश्न एकदा सेलूपासून हाकेच्या अंतरावर, वर्ध्यासच, मोठ्या कडाक्याने विचारला गेला होता. १९३७ च्या जुलैत डॉ. नारायण भास्कर खरे मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान झाले. महाकोशलातील सहकाऱ्यांशी त्यांचे पटेना. मे १९३८ मध्ये पचमढीस तडजोड झाली, ती टिकली नाही. २० जुलै रोजी डॉ. खऱ्यांनी राजीनामा दिला व सहकाऱ्यांकडेही राजीनामे मागितले. पं. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता यांनी नकार दिला. तेव्हा गव्हर्नरांनी त्या तिघांस बडतर्फ केले आणि डॉ. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. ते दोन-तीन दिवसच टिकले. वर्ध्यास सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने डॉ. खरे काँग्रेसमध्ये जबाबदारीचे पद धारण करण्यास अपात्र आहेत, असा ठराव केला. नेतेपद शुक्लांकडे गेले.

या निवाड्यात न्याय किती व गटबाजी किती, याविषयी विदर्भात आजही दोन मते आहेत. आपले सहकारी निवडण्याचा अधिकार मुख्य प्रधानास असलाच पाहिजे, हे डॉ. खऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. उलट, ज्या पक्षाच्या बळावर सत्ता मिळाली त्याला डावलून परक्या सरकारच्या गव्हर्नराच्या हातून सहकाऱ्यांचा काटा काढावयाचा, हा कार्यकारिणीचा आक्षेपही क्षुल्लक नव्हता. आम्हांस येथे कोणा एकाचा कैवार घ्यावयाचा नाही. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा ठराव कारणांसह प्रसिद्ध झाला. गांधीजींनी ‘हरिजन’मधून कार्यकारिणीच्या अधिकाराचे समर्थन केले, डॉ. खऱ्यांनी आपली बाजू पुस्तिकेच्या रूपाने छापून मांडली. निवाडा चूक असो वा बरोबर, तो तपासण्याचे साधन लोकांच्या हाती होते.

आज ते साधन कोठे आहे? आमदारांनी एका ओळीचा ठराव करून नेता ठरविण्याचा अधिकार श्रेष्ठींस द्यावा आणि श्रेष्ठींनी नाव कळवावे, हा परिपाठ बहुतेक पक्षांत रुळला आहे. हाच माणूस का आणि दुसरा का नाही, याचे कारण कोणी देत नाही व कोणी मागतही नाही. १९३८ मध्ये श्रेष्ठी होतेच. पण त्यांना कारणे देण्याची गरज वाटत होती.

कायद्याची पात्रता ही लायकी नव्हे. विधानसभेच्या उमेदवारास पंचवीस वर्षे वय पुरते. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला सदस्य तत्काळ अपात्र ठरतो, हे २०१३ च्या निकालाने पक्के झाले. २००३ पासून उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण व खटले प्रतिज्ञापत्रात उघड होतात. १३ फेब्रुवारी २०२० रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने फर्माविले की, खटले प्रलंबित असलेल्या माणसास उमेदवारी देणाऱ्या पक्षाने तोच का निवडला, निष्कलंक माणूस का मिळाला नाही, याची कारणे जाहीर करावीत. आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. म्हणजे कारण देण्याचे जे कर्तव्य वर्ध्याच्या कार्यकारिणीने आपणहून पाळले, ते आज न्यायालयास पक्षांच्या गळी उतरवावे लागत आहे.

मतदार हाच अंतिम न्यायाधीश, असे म्हणून पक्षांना यातून सुटता येणार नाही. मतदार निवड करतो ती समोर ठेवलेल्या नावांतून; समोर कोणती नावे यावीत, हे त्याच्या आधी इतरांनी ठरविलेले असते. त्या पहिल्या निवडीचा जाब मागणे, हाही मतदानाइतकाच हक्क आहे.

म्हणून सेलूच्या आणि साऱ्या महाराष्ट्राच्या सुशिक्षित मतदारास आमचे सांगणे एवढेच आहे. प्रतिज्ञापत्रे वाचावीत. सभेत उमेदवारास त्याने आजवर कोणते काम पार पाडले, हे विचारावे. आणि पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यास याच माणसाची निवड का केली, हे विचारावे. उत्तर पटले नाही, तर मत देताना ते ध्यानात ठेवावे. कारण न देता नेमलेला माणूस पुढे कारण न देता कारभारही करतो. आणि त्याची किंमत नेमणाऱ्यास नव्हे, प्रजेस मोजावी लागते.